चमचा वर, आणि मी आपला आतच

...नाही, पण मी म्हणतो, मालिका बंद करायची होती ना, करा की! तुमचं चॅनल, तुमचे कॅमेरे, तुमचं बटण, दाबा! कोण नाही म्हणतंय? पण आधी मला बाहेर काढायचं की नाही? साधी गोष्ट आहे हो! एक माणूस ढिगाऱ्याखाली आहे, जिवंत आहे, पहिल्या भागापासून अख्खं पथक त्याच्यासाठी घसा फोडतंय, आणि तुम्ही दुकानाचं शटर ओढावं तसं खर्रकन सगळं बंद करून मोकळे? दिग्दर्शक घरी, कॅप्टन घरी, कुत्रासुद्धा घरी... आणि मी? मी आपला आतच!

बसा, बसा. ती कोपऱ्यातली खुर्ची नका घेऊ, तिचा एक पाय रुसलेला आहे, मागच्या वेळी एक वकिलाच्या भूमिकेला आलेले गृहस्थ तिच्यावरून थेट आरोपीच्या भूमिकेत गेले. इकडे बसा. ऑडिशनलाच ना तुम्ही सगळे? मग वेळ आहे भरपूर. त्या दारातून आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. आणि आत जाताना फोन त्या ट्रेमध्ये ठेवायचा, पाटी वाचलीत ना? मला ते आवडत नाही. म्हणजे माझा फोन वाजतो अशातला भाग नाही... पण आपण आत आणि फोन बाहेर, हे काही बरं नाही. असो. तोवर तुम्हाला सांगतो.

'आत कोणी आहे का?' नावाची मालिका पाहिलीत कुणी? नाही ना? संकोच नका करू हो, कुणीच नाही पाहिली. शोध आणि बचाव पथकाची मालिका होती. भूकंप, दरडी, पूर, पडलेल्या इमारती, जिथे माणूस अडकला तिथे हे हजर. पोस्टर काय होतं महाराजा! धुळीतून कॅप्टन चालत येतोय, बाजूला डॉक्टरीणबाई केस उडवत, ढिगाऱ्यात केस उडवायला वारा कुठून येतो विचारू नका, मागे खांद्यावर दोर घेतलेला दोरवाला, आणि सगळ्यांच्या पुढे कुत्रा. मीपण होतो पोस्टरवर. त्या ढिगाऱ्याच्या खाली. दिसत नव्हतो, पण होतो. मॅनेजर म्हणाला, "काका, तुम्ही दिसत नाही म्हणूनच तर जाणवता."

पण मॅनेजर चुकत नव्हता म्हणा. माझी सगळी हयात मागच्या रांगेत गेलेली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट, मी. नायक पळत सुटतो तेव्हा ज्याला धक्का लागून छत्री पडते तो, मी. कोर्टात निकाल ऐकून 'अरेरे' म्हणतात ना, त्यातलं दुसरं 'रे' माझं. तर निवड करणारे गृहस्थ, इथेच, याच दाराआड, मला बघून खुर्चीतून उठले. "वा! काय चेहरा! बघितला आणि विसरलोसुद्धा! असा माणूस हरवला तर लोकांना पटतं हो!" त्यांनी सहायकाला विचारलं, "कुठे गेले ते?" मी समोरच उभा होतो.

भूमिका होती एका कचेरीच्या तळघरात कागद सांभाळणाऱ्या कारकुनाची. पहिल्याच भागात कचेरी कोसळते. वरचे मजले खाली, खालचे मजले त्याहून खाली, आणि सगळ्यात खाली मी. बाकीचे सगळे सापडतात. साहेब सापडतो, शिपाई सापडतो, साहेबाचा चष्मा सापडतो. कारकून सापडत नाही. आणि त्याच्याकडे काय आहे? एक पाण्याची अर्धी बाटली, आणि डब्यातला चमचा. चमच्याने तो शेजारच्या पाइपवर वाजवतो, टक, टक, टक. बस, एवढाच संवाद. पाठ करायला सोपा.

सुताराने माझ्यासाठी प्लायवूडची पेटी केली होती. मी आडवा मावेन एवढीच. वर थर्माकोलचे राखाडी दगड, एका बाजूला कॅमेऱ्यापुरतं भोक, आणि पायाकडून फळी लावून बाहेरून स्क्रू. मी म्हटलं, "अरे, आतून कडी वगैरे?" सुतार म्हणाला, "काका, गाडलेल्या माणसाला कडी कशाला?" मुद्दा बरोबर होता.

आता कामाची पद्धत समजून घ्या, पुढे लागणार आहे. पथकाला शिकवायला अग्निशमन दलातले एक निवृत्त सल्लागार आले होते. गडी खणखणीत, फक्त कानाने ठार बहिरा. ते शिकवायचे, "शिट्टी वाजली, की सगळं बंद! यंत्र बंद! तोंड बंद! पाय बंद! मग हाक मारायची. आत कोणी आहे का? आवाज द्या! आणि ऐकायचं. हाका तीन. पहिल्या हाकेने आतला माणूस जागा होतो, दुसऱ्या हाकेला त्याला विश्वास बसतो, तिसऱ्या हाकेला तो उत्तर देतो. शोधायचं काम हातांचं नाही, कानांचं आहे!" कॅप्टनने विचारलं, "सर, कान किती वेळ लावायचा?" सल्लागार म्हणाले, "हो, जेवूनच आलोय."

पहिलाच शॉट. मी आत, स्क्रू बंद, तोंडावर राखाडी पावडर. बाहेर शिट्टी वाजली, सगळा सेट चिडीचूप झाला, आणि कॅप्टनचा तो भरदार आवाज आला, "आत कोणी आहे का?"

आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी म्हणालो, "आहे आहे! या ना!"

अहो, तोंडातून गेलं! घरात कितीतरी दिवसांत कुणी मला 'आत कोणी आहे का' असं विचारलं नव्हतं. माणूस असा प्रेमाने विचारतो, आपण गप्प बसायचं? दिग्दर्शक बाई भोकाला तोंड लावून ओरडल्या, "काका! तुम्ही बेशुद्ध आहात! पहिल्या हाकेला गप्प! दुसऱ्या हाकेला डोळे! तिसरी हाक झाली की मग चमचा! घोटवून घ्या!" आणि त्यांनी माझ्याकडून ते इतकं घोटवून घेतलं, इतकं घोटवून घेतलं, की पुढे पुढे शिट्टी वाजली की माझी मानच आपोआप पडायची. रस्त्यात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली की मी झेब्रा पट्ट्यांवर बेशुद्ध!

आणि त्यातून ते जेवणाच्या सुट्टीचं! ऐका, ऐका. एक दिवस जेवणाची सुट्टी झाली. दिवे गेले, पावलं गेली, भांड्यांचा आवाज लांबून यायला लागला. मला वाटलं, आता येईल सुतार. नाही. मग येईल. नाही. मी हाका मारायला लागलो, "अरे, मी आहे इथे! अहो, काढा मला!" आणि बाहेरून डॉक्टरीणबाईंचा आवाज, "ऐकलंत? काका सुट्टीतही तालीम करतायत. किती नैसर्गिक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! देशातलं सगळ्यात धाडसी शोधपथक माझ्यापासून हाकेच्या अंतरावर बसून कोशिंबिरीत मीठ कमी आहे का यावर चर्चा करतंय, आणि मी? मी आपला आतच!

एक कुत्रा तेवढा आला. त्याला सगळे 'साहेब' म्हणायचे, कारण त्याला स्वतंत्र खोली होती आणि कॅप्टनला नव्हती. साहेबांनी भोकाला नाक लावलं, मला हुंगलं, ओळखलं, आणि तिथेच पाठ टेकून झोपले. शेवटी मला शोधलं कुणी? जेवण वाढणाऱ्याने! एक ताट उरलं म्हणून तो ओरडत फिरला, "कोण जेवायचं राहिलंय?" त्याच्या हातात ना दोर ना शिट्टी, हातात फक्त पळी. भोकातून वाकून म्हणाला, "काका, इथे आहात होय? गार झालं की!" आयुष्यात मला कुणी शोधून काढलं असेल तर त्या एका पळीवाल्याने.

आता घरचं सांगितल्याशिवाय तुम्हाला माझं दुखणं कळायचं नाही. माझी मुलगी लांब असते. विमानानेच जावं लागतं इतकी लांब, आणि नोकरीही विमानतळावरच, हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर. दिवसभर जगातली सगळी माणसं तिच्या अंगावर ओरडतात, 'माझी बॅग! माझी बॅग!' आणि ती शांतपणे विचारते, 'रंग कोणता? चाकं आहेत? शेवटची कुठे पाहिलीत?' घरी जाईपर्यंत तिच्याकडे बोलणं शिल्लकच राहत नाही. आणि आमच्या घरात फोनचं खातं होतं बायकोकडे. माझं काम एवढंच, वाजला की ओरडायचं, "अगं, तुझा फोन!" मग मायलेकींचं सुरू. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो. इकडची बाजू ऐकू यायची, तिकडची मी मनाने भरायचो. छान चाललं होतं आमचं तिघांचं.

बायको गेली आणि ते खातं माझ्याकडे आलं. आणि मला त्यातलं काही येईना हो!

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवले. बाकी?"

आता हे 'बाकी' आलं ना, की माझ्या डोक्यातलं सगळं पळून जातं. दिवसभर ठरवलेलं असतं, हे सांगू, ते सांगू, समोरच्या गच्चीवर खारीने टॉवेल पळवला ते सांगू. 'बाकी?' म्हटलं की साफ!

"बाकी काही नाही."

"ठेवू?"

"ठेव."

झालं! महिन्यात एखाद्या वेळी एवढं. उरलेले दिवस घरात माझ्याशी बोलणारा एकच, फ्रिज. मधेच घुर्रर करतो, मी म्हणतो, "हो का?" तो गप्प होतो. फ्रिजसुद्धा 'ठेवू?' म्हणतो हो!

आणि मग मालिकेचा पहिला भाग लागला. मी आपला घरी एकटाच बघत बसलो होतो. ढिगाऱ्याच्या आतला माझा चेहरा, चमचा, टक, टक, टक, आणि संपलं. आणि नावं वर सरकतायत तोवर फोन वाजला! आपणहून!

"बाबा! गाडले गेलात तुम्ही?"

"हो ना गं."

"मग काढणार कधी?"

"काय माहीत. शोधतायत."

"आत पाणी आहे का?"

"अर्धी बाटली."

"पुरवून प्या."

आता ती काय खुळी आहे? तिला माहीत नाही हे नाटक आहे? पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी 'बाकी?' आलंच नाही. पुढच्या आठवड्यात भाग संपला, फोन हजर. "बाबा, सापडलात?" "नाही." "तो कॅप्टन उजवीकडे का खणतो सारखा? तुम्ही डावीकडे आहात ना!" "अगं, त्याची उजवी बाजू कॅमेऱ्यात बरी दिसते." हसली! तिची आई हसायची तशी, आधी नाकातून आणि मग तोंडातून. मग काय, मीही पदरचं घालायला लागलो. कॅप्टन आणि मी एका ताटात जेवतो, कुत्रा माझ्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही, दिग्दर्शक बाई प्रत्येक शॉट माझ्या सल्ल्याने लावतात! ती म्हणायची, "आम्ही सगळे बघतो इथे, बाबा. काउंटरवरचे सगळे. चहा घेऊन बसतो, तुम्ही चमचा वाजवला की टाळ्या पडतात." ऐकून माझी छाती अशी! आठवडाभर मी त्या एका फोनसाठी आडवा पडायचो त्या पेटीत. पाठ गेली, कंबर गेली, नाकात थर्माकोल गेला, पण एवढं पक्कं होतं, जोवर मी सापडत नाही तोवर फोन येणार.

आणि एक दिवस लेखक आला. पित्ताने पिवळा पडलेला माणूस, दर भागाला एक केळं आणि दोन गोळ्यांवर जगणारा. म्हणाला, "काका, तोंड गोड करा! पुढच्या भागात तुम्हाला बाहेर काढतोय!"

मी म्हटलं, "इतक्यात?"

"इतक्यात काय! लोक कंटाळले."

"अहो, पण सापडलेल्या माणसात बघायला काय उरतं? तो घरी जातो, आंघोळ करतो, फ्रिजसमोर बसतो. यात नाट्य कुठाय?" मी त्याला केळं सोलून दिलं. "साहेब, मी काय म्हणतो... पथक जर चुकीच्या इमारतीवर गेलं तर?"

लेखकाचे डोळे असे चमकले! पित्त विसरला गडी. आणि खरंच, पुढच्या भागात शूर पथक शेजारच्या इमारतीवर! दोर सोडले, यंत्रं लावली, शिट्ट्या मारल्या, आणि शेवटी आतून काय सापडलं? मांजर! कॅप्टनने तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडला. लोक म्हणाले, काय अभिनय! अभिनय कसला, त्याला मांजराची अॅलर्जी होती. आणि मी? मी आपला आतच! मुलीचा फोन आला तो रागानेच, "मांजर? बाबा, मांजर? तुम्ही आत मरताय आणि हे मांजर काढतात? नंबर द्या मला त्या लेखकाचा!" इतक्या काळजीने माझ्यावर कुणी कधी रागावलं नव्हतं हो. मी आपला ऐकत होतो, डोळे मिटून.

मग पुढचा भाग. अगदी कळस! पथक अखेर बरोबर इमारतीवर. कॅप्टन माझ्या बरोबर डोक्यावर उभा. शिट्टी. सगळं चिडीचूप. "आत कोणी आहे का?" मी गप्प. "आत कोणी आहे का?" मी डोळे उघडले. "आत कोणी आहे का?" माझा हात वर आला, हातात चमचा, चमचा पाइपच्या इतका, इतका, इतका जवळ... आणि भाग संपला.

आणि मालिकाही संपली! चॅनलने बंद केली! बघायलाच कुणी उरलं नाही म्हणे. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला, त्याच जागी काय लागलं माहीत आहे? स्वयंपाकाची स्पर्धा! अहो, लोकांना वाटलं असेल, मी चमचा उचलला तो चव बघायलाच!

त्या दिवशी आला तिचा फोन. "बाबा, आज लागली नाही. इथे कुणीतरी ढोबळी मिरच्या चिरतंय."

"बंद झाली गं."

"मग... तुम्ही?"

"मी आपला आतच."

मागे तिच्या विमानतळावर कुणाला तरी कुठल्यातरी दारावर बोलावत होते. मग म्हणाली, "आमच्याकडेही असंच असतं, बाबा. ठरावीक दिवस शोधतात. नाही सापडली बॅग, तर शोध बंद करतात." आणि मग, "जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले. बाकी?"

"बाकी काही नाही."

"ठेवू?"

"ठेव."

पुढे फोन नाही. थोडे दिवस गल्लीतले लोक विचारायचे. न्हावी म्हणायचा, "अरे, तुम्ही बाहेर कसे?" इस्त्रीवाला म्हणायचा, "काका, सापडलात वाटतं!" मग तेही थांबलं. लोक विसरले. चेहराच तसा आहे ना! कुणाला दोष देणार?

पण खरी मजा पुढेच आहे. परवा परवाची गोष्ट. मी दुपारी दूध आणि पाव घेऊन आलो, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलो, आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट बसली! दिवा गेला. खाली वर काही नाही. तुम्ही असता तर घाबरला असता, मला काय, माझ्या पेटीपेक्षा ऐसपैस! मी घंटा दाबली, ती वाजली की नाही देव जाणे, पण खालून वॉचमन आला. आणि आमच्या वॉचमनला एक खोड आहे, तो काहीही करायच्या आधी शिट्टी मारतो. गाडी आली शिट्टी, कचरा आला शिट्टी. त्याने मारली शिट्टी आणि ओरडला, "आत कोणी आहे का?"

आणि मी? मान खाली! डोळे मिटले! ओठ कोरडे! अहो, घोटवून घेतलं होतं ना बाईंनी! पहिल्या हाकेला गप्प, दुसऱ्या हाकेला डोळे, तिसऱ्या हाकेला टकटक. मी खिशातली किल्ली हातात घेऊन तयार, आता दुसरी हाक येईल, मग तिसरी... त्याने एकच मारली! एकच! "रिकामी आहे," म्हणाला, 'लिफ्ट बंद' अशी पाटी अडकवली आणि जेवायला गेला! काय ही पद्धत? काय हे शोधकार्य? कुणीतरी शिकवायला नको यांना?

मग मी ओरडलो, खूप ओरडलो, पण भरदुपारची बिल्डिंग, सगळे कामावर. शेवटी मुलीला फोन लावला. मी! मी तिला! ती कामावर होती. म्हटलं, "अगं, मी अडकलोय."

"कुठल्या मालिकेत?"

"लिफ्टमध्ये."

आणि काय सांगू तुम्हाला, तिचा आवाजच बदलला. काउंटरवरचा झाला. "कुठला मजला? शेवटचा मजला कुठला पाहिलात? बरोबर काय आहे?" मी म्हटलं, "दूध आणि पाव." "पुरवून खा. लाइनवर राहा." दुसऱ्या फोनवरून तिने तिकडून, एवढ्या लांबून, आमचे सेक्रेटरी शोधले, सेक्रेटरींनी मेकॅनिक शोधला, मेकॅनिक निघाला म्हणे, वेळ लागेल. आणि मग ती म्हणाली, "बाबा, ठेवू नका हं."

'ठेवू नका'! आमच्या घराण्यात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

मी अंधारात जमिनीवर बसलो, पाव मोडून खाल्ला आणि बोललो. खारीचं आणि टॉवेलचं सांगितलं. फ्रिजचं सांगितलं. तीही बोलायला लागली. म्हणाली, "बाबा, एक सांगू? ते काउंटरवरचे सगळे बघतात, टाळ्या वाजवतात... तसं काही नव्हतं. इथे कुणाला कुणासाठी वेळ नाही. मागे एक खोली आहे, कुणी न्यायला न आलेल्या बॅगा ठेवतात ती. मी माझा डबा घेऊन तिथे बसते. तिथेच बघायचे तुम्हाला, फोनवर. एकटीच. तुम्ही चमचा वाजवलात ना, की मीही शेजारच्या बॅगेवर वाजवायचे. टक, टक, टक. आईला जाऊन..."

आणि नेमकं तेव्हाच, वरून, मेकॅनिक ओरडला, "आत कोणी आहे का?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? तुम्ही उत्तर दिलं असतंत? मी नाही दिलं. मी फोनमध्ये हळूच म्हटलं, "बोल, आईला जाऊन काय?"

"बाबा, कुणीतरी हाक मारतंय."

"मारू दे. तू बोल."

"आत कोणी आहे का?" दुसरी हाक. मी डोळे उघडे ठेवले. हलक्या आवाजात म्हटलं, "तू बोल गं." आम्ही दोघं आपले श्वास ऐकत बसलो. इतक्या लांबून माणसाचा श्वास ऐकू येतो, खरंच येतो. सल्लागार म्हणायचे ते खोटं नाही.

"आत कोणी आहे का?"

आणि फोनमधून आवाज आला. टक. टक. टक. काहीतरी पोकळ, बॅगेसारखं. मग ती म्हणाली, "बाबा, तिसरी हाक झाली."

काय करणार! शिस्त म्हणजे शिस्त. किल्लीने वाजवलं दारावर.

दार उघडलं. मेकॅनिक, सेक्रेटरी, वॉचमन, सगळे गोळा. वॉचमन म्हणाला, "अहो काका, मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?" मी म्हटलं, "तू दोन हाका कमी मारल्यास." तो अजून माझ्याकडे घाबरून बघतो.

फोन कानालाच होता. "सापडलात?"

"सापडलो."

"बरं झालं." आणि मग, "काम आहे थोडं... ठेवू?"

"ठेव."

तिची ती 'आईला जाऊन...' पासूनची गोष्ट अर्धीच राहिली. आता मी रोज त्या लिफ्टने जातो. वर जातो, खाली येतो, परत वर जातो. मधे एकदा उड्या मारून पाहिल्या आत. काही नाही! इतकं पक्कं काम करतात का हो कुणी? आजकाल कुठलंच काम धड होत नाही म्हणतात, ती लिफ्टच नेमकी धड!

तर म्हणून आलो आज इथे. काल मीच फोन केला तिला, म्हटलं, नवीन मालिका निघतेय, मला घेतायत बहुतेक. लगेच म्हणाली, "हरवताय का यात?" मी म्हटलं, "हरवतो म्हणजे काय, असा हरवतो बघ!" म्हणाली, दुपारी डब्याच्या वेळी फोन करते, सांगा काय झालं.

आणि आत्ता, तुम्ही यायच्या आधी, त्या दारावरच्या माणसाने सांगितलं भूमिका काय ते. प्रेत आहे. पोलिसांची मालिका, आणि मी प्रेत. पहिल्याच भागात, पहिल्याच दृश्यात, नावं पडायच्या आधी, सापडतो. आता मला सांगा, एवढ्या लवकर सापडलेल्या माणसाबद्दल तिने विचारायचं तरी काय? 'जेवलात का' म्हणायचीसुद्धा सोय नाही!

...आलो, आलो! माझाच नंबर. बघा, तुम्ही पाहिलंत तरी मला. तेवढा एक उपकार करा, हा फोन ट्रेमध्ये नका ठेवू देऊ, धरा कुणीतरी. डब्याची वेळ होतच आलीय. वाजला तर उचला, माझी मुलगी असेल. विचारेल, सापडले का. सांगा, नाही, अजून आतच आहेत. आणि हे बघा, बोलता बोलता ती 'ठेवू?' म्हणेल. म्हणेलच.

लगेच 'ठेव' म्हणू नका हो.